बिनहाराचा फोटो

शाळेचा शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा आत्या ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या आणि मी चुलीपुढे होते. तो दारातूनच म्हणाला, "हेडमास्तर सांजच्याला येऊ लागलेत. लढाईवर गेलेल्या जुन्या पोरांचा शाळा सत्कार करायलीय. तुमच्या पोराचा फोटो काढून ठेवा म्हणलेत."

आत्यांचं सूप हातातच थांबलं. "फोटो कशाला?"

"स्टेजवर ठेवायला. हार घालायला."

आत्या सूप तिथंच टाकून आत गेल्या. भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, लष्करी टोपीतला एकुलता एक फोटो होता. तो त्यांनी काढला, पदरात गुंडाळला आणि ज्वारीच्या कनगीत खोल हात घालून पुरून टाकला. मग बाहेर येऊन पुन्हा पाखडायला बसल्या. शिपाई निघून गेला होता.

आमच्याकडे सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची रीत. आमचं गाव वालूरच्या बाजूचं, घर बौद्धवाड्यात. मामा सडकेच्या खात्यात मैलकुली होते. देवगाव फाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याचा गावालगतचा तुकडा त्यांच्या ताब्यात. खड्डे भरायचे, कडेच्या झाडांना पाणी घालायचं. निजामाच्या काळात त्यांना शाळेच्या पायरीवरही कुणी उभं केलं नव्हतं, म्हणून एकुलत्या एका मुलाला त्यांनी हट्टानं मॅट्रिकपर्यंत शिकवलं. तो मुलगा फौजेत गेला, आणि एकाहत्तरच्या लढाईत बंगालकडे पडला.

माझं लग्न त्याआधी दीडेक वर्ष झालं होतं. माहेर चारठाण्याजवळच्या खेड्यातलं. सातवी पास झाले आणि पुढची शाळा गावात नव्हती म्हणून घरी बसले. लग्नानंतर ते दोनदाच सुट्टीवर आले. आठवीची जुनी पुस्तकं कुठून तरी मिळवून आणली होती. सांजच्याला अंगणात बाजेवर बसून मला मोठ्यानं वाचायला लावायचे. मी अडखळले की हसायचे नाहीत, नुसती वाट बघायचे. त्यांच्याविषयी कुणी विचारलं तर मला आधी ती वाट बघणारी मान आठवते, किंचित कललेली. एवढीच आमची ओळख. संसार म्हणण्याइतका वेळ मिळालाच नाही.

तार आली, पुढे पत्र्याची पेटी आली. पेटीत गणवेश, एक स्वेटर, दाढीचं सामान. ते मात्र आले नाहीत. त्या लढाईत पडलेल्यांना तिकडेच अग्नी देत. गावात मेलेला माणूस बघितल्याशिवाय मेला असं मानायची सवय नव्हती, आणि आत्यांनी तर ठरवूनच टाकलं होतं. "कापडं आली म्हणून माणूस गेला का? कुठं तरी दवाखान्यात आसंल. सुद हरपली आसंल. यील." माझ्या हातातल्या बांगड्या त्यांनी कुणाला काढू दिल्या नाहीत. शेजारच्या बाया कुजबुजल्या, तर आत्या पाण्याची घागर आपटून म्हणाल्या, "माझ्या लेकाच्या बांगड्या हाईत. तुमाला काय करायचंय?"

माझे वडील मला न्यायला आले. आपल्यात दुसरं लग्न होतं, पोरगी अजून कवळी आहे, असं ते मामांना म्हणाले. मामांनी मलाच विचारलं. मी म्हणाले, "आत्ता न्हाई." का नाही, ते मला नीट सांगता आलं नसतं. एवढं कळत होतं की एका घरातून दुसऱ्या घरात उचलून ठेवल्यासारखं मला जायचं नव्हतं. मला स्वतःच्या पायानं कुठं तरी जायचं होतं. आणि जायला माहीत असलेली जागा एकच होती. आमच्या घरासमोरून रोज सकाळी पोरं जिकडे जात, ती शाळा.

ते मी मामांना सांगितलं. मामा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "उद्या विचारतो." दुसऱ्या दिवशी सडकेवरून परस्पर शाळेत गेले. परत आले तेव्हा चेहऱ्यावर काही नव्हतं.

"काय म्हणले हेडमास्तर?"

"बघू म्हणले."

मी पण गावातच वाढलेली. 'बघू'चा अर्थ मला ठाऊक होता. तलाठी बघू म्हणतो, सरपंच बघू म्हणतो. नाही म्हणायला तोंड कडू करावं लागतं, बघू म्हणायला लागत नाही.

तर अशा घरात त्या संध्याकाळी हेडमास्तर आले. पांढरं धोतर, काळा कोट, चष्मा. माणूस वाईट नव्हता. बौद्धवाड्यात येऊन बाजेवर बसला, चहा प्याला, आणि तो त्या काळी प्रत्येक जण पीत नसे. सत्काराची कल्पना त्यांचीच होती. आपल्या शाळेतून शिकलेले तिघं लढाईवर होते, ही गोष्ट त्यांना वर्गात सांगावीशी वाटे. एक वयस्क हवालदार, तो आधीच्या लढाईतही होता. दुसरा गावातल्या मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. आणि तिसरे हे. उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत, सकाळची शाळा चालू असतानाच कार्यक्रम करायचा होता. लष्करातून निवृत्त झालेले एक साहेब पाहुणे म्हणून येणार होते.

"फोटो तेवढा द्या," हेडमास्तर म्हणाले. "हुतात्म्याच्या फोटोला पाहुण्यांच्या हस्ते हार घालू."

आत्या दाराआडून बोलल्या. "माझा लेक जित्ता हाय. जित्त्या माणसाच्या फोटोला हार घालत न्हाईत."

हेडमास्तरांनी मामांकडे बघितलं. मामा खाली बघत होते. बायकोला लोकांसमोर खोटं पाडायचं नाही, आणि मुलाचा मानही जाऊ द्यायचा नाही, असा त्यांचा पेच. शेवटी म्हणाले, "चार रोज द्या, सर."

त्या चार रोजांत काय होणार होतं कुणास ठाऊक. पण त्यातच ते भावजी आले.

भावजी म्हणजे सत्काराच्या तिघांतला दुसरा, मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. माझ्या नवऱ्याचा वर्गमित्र. दोघं शाळेत एका बाकावर बसत, एकाच दिवशी भरती झाले आणि एकाच पलटणीत गेले. पूल बांधणारी पलटण होती ती. लढाईच्या शेवटी शेवटी भावजींच्या डाव्या हाताची काही बोटं गेली. इतके दिवस पुण्याच्या लष्करी दवाखान्यात होते. गावात पाऊल ठेवल्यावर आपल्या घरी पाणी प्यायले आणि सरळ आमच्याकडे आले. हाताला अजून पट्टी होती.

आत्या त्यांना बघून उठल्याच. "आलास? आन् त्यो? संगं न्हाई आणलास?"

भावजी ओसरीवर मांडी घालून बसले. मला वाटलं, आता हा माणूस काही तरी गोड बोलून वेळ मारून नेईल. सगळे तसंच करत होते. मीही. ते मात्र आत्यांच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाले, "काकी, त्यो येणार न्हाई. मी तितं व्हतो."

मामा बाजेवरून उतरून खाली बसले. मी चौकटीला धरून उभी होते.

"नदीवर पूल टाकायचं काम चालू व्हतं. पल्याडून गोळीबार सुरू झाला. आमाला मागं या म्हणले. शेवटचा जोड राहिला व्हता, त्यो पक्का केल्याबिगर ह्यो उठंना. जोड पक्का झाला. उठला आन् गोळी लागली. छातीत. लय वेळ न्हाई लागला, काकी."

आत्या अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "तू तोंड बघितलंस का?"

"बघितलं."

"त्याचंच व्हतं?"

"त्याचंच."

"हनवटीवर डाग?"

"जात्यावर पडला व्हता लहानपणी, त्यो. व्हता. मीच तोंड पुसलं."

"आन् मग?"

"तितंच नदीच्या काठाला. लाकडं मी रचली. तवा माझा हात धड व्हता. त्या पुलावरून दुसऱ्या दिशी समदी फौज पल्याड गेली."

आत्यांनी त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या फुटतील. त्या उठल्या, आत गेल्या आणि परातीत पीठ घेतलं. "जेवून जा," म्हणाल्या. त्यांनी भाकरी थापल्या, मी वांग्याचं कोरड्यास वाढलं. भावजी आमच्या ओसरीवर सगळ्यांना दिसतील असे बसून जेवले. गावातल्या त्यांच्या भावकीला ते आवडलं नाही, हे आम्हाला नंतर कळलं. त्यांनी त्याचं काही मनावर घेतलं नाही. ते जेवून गेल्यावर आत्या परसात गेल्या, आणि तिथून जो आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही. मामा मला म्हणाले, "जाऊ नको. रडू दे." तार आल्याला तोवर कितीतरी दिवस लोटले होते. आमच्या घरात रडं त्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी आत्यांनी कनगीत हात घातला आणि फोटो काढला. काचेवरची धूळ पदरानं पुसली. माझ्या बांगड्यांना हात लावला नाही. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. चांगल्या दिसतात." आणि मग मामांना म्हणाल्या, "फोटो देते. पर हार घालायचा न्हाई."

"अगं, आता तर तुला कळलं..."

"कळलं. म्हणूनच म्हणायले. हार घातला की माणूस भिंतीला लागतो. दोघं खुर्चीवर बसायलेत ना? मग ह्याला बी खुर्ची द्या. त्यो बी त्याच शाळंचा हाय. त्यांना जे देताल, ते ह्याच्या म्होरं ठिवा."

मामा निरोप घेऊन गेले. हेडमास्तर गोंधळले. पाहुणे मोठे, कार्यक्रमाची एक पद्धत असते, हुतात्म्याच्या प्रतिमेला पुष्पहार घालायचा असतो. खुर्चीवर फोटो ठेवला तर लोक काय म्हणतील? शाळेच्या कमिटीतले एक जण तर म्हणाले की बौद्धवाड्यानं आता बसायची जागा पण ठरवायची का. भावजी तिथंच होते. ते उठून उभे राहिले. "सर, त्याला खुर्ची नसंल तर माझी बी काढा. शाळेत एका बाकावर बसलो, तवा कुणी इचारलं न्हाई." हवालदार बुजुर्ग माणूस, फारसं बोलत नसत. ते म्हणाले, "माझी बी." झालं. तीन खुर्च्या ठरल्या.

या सगळ्यात माझं काय, असं कुणी विचारत नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नाही. शिपायाकडून कळलं होतं की मलाही स्टेजवर बोलावणार आहेत आणि लुगडं देणार आहेत. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट फिरायला लागली. भाकरी भाजताना, पाणी शेंदताना मी एक वाक्य जुळवत होते. मोठं वाक्य माझ्यानं धड निघणार नाही, म्हणून त्यातले शब्द रोज कमी करत होते.

कार्यक्रम सकाळी होता. शाळेच्या पटांगणात कापडी मांडव, खाली सतरंज्या, लिंबाच्या झाडाला बांधलेला कर्णा. चैत्राचं ऊन लवकरच चढलं. सगळं गाव आलं होतं. एवढे फौजी एकत्र आणि तेही आपल्याच शाळेचे, हे बघायला वालूरहूनही लोक आले होते. स्टेजवर तीन खुर्च्या. एकीवर हवालदार, एकीवर भावजी, आणि मधल्या खुर्चीवर माझ्या नवऱ्याचा फोटो. काच उन्हात चमकायची, मग मी थोडी सरकून बसायची की चेहरा दिसायचा.

नववीच्या मुलींनी हवालदारांना ओवाळलं, भावजींना ओवाळलं. फोटोपुढे आल्यावर त्या थबकल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आत्या माझ्या शेजारी पहिल्या रांगेत होत्या. बसल्या जागेवरून, मोठ्यानं म्हणाल्या, "ओवाळा की! भिऊ नका." मुलींनी ओवाळलं. पाहुणे साहेब उठले. आधीच्या दोघांना त्यांनी हातात गुच्छ दिला होता, तसाच तिसरा खुर्चीत फोटोपुढे ठेवला, आणि दोन पावलं मागे येऊन कडक सलाम केला. मामा उभे राहिले. त्यांचं बघून एकेक करत सगळा मांडव उभा राहिला. कमिटीतले ते गृहस्थसुद्धा.

मग माझं नाव पुकारलं. 'वीरपत्नी' असा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, तो स्वतःसाठी. पायऱ्या चढताना पदर दोनदा पायात आला. हेडमास्तरांच्या हातात लुगडं होतं. पांढरं. त्यांनी ते काही वाईट मनानं आणलं नव्हतं. विधवेला काय द्यायचं, तर पांढरं, असा साधा हिशेब. एकोणीस वर्षांची मी, बांगड्या घातलेली, आणि समोर ते घडी केलेलं पांढरं. मी हात पुढे केले नाहीत. माईककडे वळले. माईक उंच होता, चवड्यावर उभी राहिले.

"सर, मी सातवी पास हाय. मला आठवीत बसायचंय."

माझाच आवाज लिंबाच्या झाडावरून परत आला तेव्हा मी दचकले. पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. जुळवलेलं वाक्य संपलं होतं, पुढचं आपोआप आलं. "मामा इचारायला आले व्हते. तुमी बघू म्हणलात. आता समदं गाव बसलंय. तवा आता सांगा."

कुणी तरी हसलं, मग बरेच जण हसले. ते हसणं वाईट नव्हतं. हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मला वाटलं, पाहुण्यांसमोर लाजवलं म्हणून रागावतील. ते माईकपाशी आले आणि म्हणाले, "या. जूनमध्ये शाळा उघडली, की या तुम्ही."

"या नका म्हणू, सर. ये म्हणा. पोरींना म्हणता तसं."

आता ते स्वतःच हसले. "बरं. ये."

लुगडं मामांनी घेतलं. दिलेलं परत करणं त्यांच्या इज्जतीत बसत नव्हतं. आत्यांनी घरी गेल्या गेल्या ते फाडून गोधडीच्या आतल्या थरात घातलं. भावजी स्टेजवरून उतरताना मला म्हणाले, "वहिनी, त्यो आसता तर त्यानं टाळी वाजवली आसती." ते बोलून गेले आणि त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. मग ते फोटो उचलायला मागे वळले.

लोकांना वाटतं, गोष्ट इथं संपते. गावात अजूनही ती अशीच सांगतात. खरं म्हणजे माईकवर बोलणं सोपं होतं, ते एकदाच करायचं होतं. शाळेत रोज जायचं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली, आभाळ मात्र भरून आलं नाही. आठवीच्या वर्गात मुली थोड्याच, त्यांच्यामागे मी, नऊवारी नेसून. वय माझं सगळ्यांत जास्त, उंची मात्र पुढच्या मुलीएवढीच. मुली मला वहिनी म्हणायच्या. मास्तरांची पंचाईत वेगळी होती. वर्गाच्या बाहेर व्हरांड्यात सत्कारानंतर एक पाटी लावली होती, तिघांची नावं रंगवलेली. त्या पाटीखालून रोज आत येणाऱ्या बाईला प्रश्न कसा विचारायचा, उत्तर चुकलं तर काय करायचं? म्हणून त्यांनी विचारायचंच सोडलं. गणिताचे सर बाकावरून एकेकाला उभं करत यायचे आणि माझ्यापाशी आले की पुढच्याकडे जायचे. जणू मी बाकावर ठेवलेली फुलं होते.

असे काही आठवडे गेले. एक दिवस मधल्या सुट्टीत मी मास्तरांच्या खोलीत गेले. गणिताचे सर डबा खात होते, गडबडून उठले. मी म्हणाले, "सर, बसा. मला पण उभं करा. चुकलं तर बोला. मला काई न्हाई येत, ते तुमी इचारल्याशिवाय मला कसं कळावं?"

ते म्हणाले, "अहो, पण तुमचा मान..."

"मान त्यांचा हाय, सर. पाटीवर हाय. माझं गणित कच्चं हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. उत्तर चुकलं. ते माझ्यावर ओरडले, सगळ्यांवर ओरडत तसेच, वहीवर डस्टर आपटून. मी खाली बसले, आणि पुढच्या बाकावरची मुलगी मागे वळून माझ्याकडे बघून हसली. त्या दिवसापासून ती मला नावानं हाक मारायला लागली. मग बाकीच्याही.

पाऊस त्या साली आलाच नाही. मराठवाड्यात तो दुष्काळ ज्यांनी काढला त्यांना तो सांगायची गरज नाही. विहिरी तळाला गेल्या, जनावरं बाजारात गेली, सडकेवर दुष्काळी कामं निघाली. मामांच्या त्याच तुकड्याला गावातलं निम्मं माणूस खडी फोडायला आलं. सुट्टीच्या दिवशी आणि पुढे उन्हाळ्यात मी आणि आत्याही जायचो. पेन्शनीचे कागद कुठल्या तरी कचेरीत अडकले होते, वाट बघत बसून भागणार नव्हतं. तिथं खायला सुकडीचं गोड पीठ मिळायचं, घरी परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिच्या भाकरीला चव नव्हती आणि ती थापताना तुटायची.

खडीचा ढीग मापून घेत. आत्यांचा हात माझ्यापेक्षा चपळ. एक दिवस त्यांनी माझ्या हातातला हातोडा काढून घेतला. "तू वाच. दोघींचं माप मी भरते."

"आत्या, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, म्हातारी येडी झाली. वाच तू. मोठ्यानं वाच, मला बी ऐकू दे. माझा लेक तुला मोठ्यानं वाचाय लावायचा, मी आतून ऐकायची."

हे मला ठाऊक नव्हतं. मी इतिहासाचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. हातोड्यांच्या आवाजावर आवाज चढवावा लागायचा. पलीकडच्या ढिगावरच्या बाया आधी हसल्या. थोड्या दिवसांनी त्याच म्हणायला लागल्या, "त्या राजाचं काय झालं म्होरं? काल अर्ध्यावर सोडलंस." मुकादम आडवा आला, तर आत्या म्हणाल्या, "माप कमी हाय का माझं? मग?" मुकादम गेला. आठवीचा सगळा इतिहास मी त्या सडकेवर पाठ केला. भूगोल मात्र बायांना आवडला नाही.

मी दहावीत आले तेव्हा अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची नवी परीक्षा आली होती. पुस्तकं नवी, मास्तरही चाचपडत शिकवायचे. परीक्षेला सेलूला जावं लागलं. भावजी तेव्हा फौजेतून कायमचे घरी आले होते, शेती बघत. त्यांच्या बैलगाडीतून ते मला, आत्यांना आणि वर्गातल्या दोन मुलींना पेपरला सोडायचे. उरलेल्या बोटांनी कासरा धरायचे आणि वाटेत इंग्रजीचे शब्द विचारायचे.

त्या इंग्रजीतच मी नापास झाले.

गावात लोक मला बघून गप्प व्हायचे. सत्कार झालेल्या घरातली, माईकवर बोललेली, आणि नापास. हेडमास्तर घरी आले. समजूत घालायला आले असावेत. मी त्यांना बोलू दिलं नाही. "सर, ऑक्टोबरची परीक्षा कवा हाय ते सांगा. आन् इंग्रजी कोण शिकवंल ते सांगा." त्यांनी स्वतः शिकवलं. पावसाळाभर, शाळा सुटल्यावर, व्हरांड्यात. हाच माणूस एकदा बघू म्हणाला होता. आता मी थकले तरी तो थकत नसे. ऑक्टोबरात मी सुटले. गुण कमीच होते, पण सुटले.

पुढे परभणीला डी.एड. केलं. लग्न मी पुन्हा केलं नाही. त्याचं कारण लोकांना वाटतं तसं मोठं नाही. दुसरं घर नको असं मी ठरवलं नव्हतं, पण पहिल्या घरातली माणसं माझ्यानं सोडवली नाहीत. मामा सडकेवरून रिटायर झाले आणि वर्षभरातच गेले. आत्या आणि मी उरलो. नोकरीची ऑर्डर आली ती जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्याची, माझ्या माहेरापासून लांब नसलेल्या. आत्यांनी भांडी, गोधड्या आणि तो फोटो बांधून घेतला आणि माझ्याबरोबर एस.टी.त बसल्या.

पहिल्या दिवशी शाळेत गेले तर वर्गात मुलगेच मुलगे. मुली कुठं आहेत विचारलं, तर मुलं म्हणाली, घरी हाईत, लेकरं सांभाळायलीत. तिथल्या हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, "बघू, बाई. हळूहळू येतील."

संध्याकाळी मी आत्यांना म्हणाले, "चला." आम्ही दोघी घरोघर गेलो. मला बोलायची वेळच आली नाही. प्रत्येक दारात आत्याच पुढे व्हायच्या. "ही माझी सून हाय. माझा लेक लढाईत गेला, तवा ही शाळंत गेली. आता मास्तरीण झाली. पोरगी धाडा तुमची. लेकरू सांभाळायचं आसंल तर ते बी धाडा, मी सांभाळते शाळंच्या दारात बसून."

दुसऱ्या दिवशी दोन मुली आल्या, एकीच्या कडेवर भाऊ होता. तो आत्यांनी घेतला. तिसरी यायची कबूल करून आली नाही. शाळा सुटल्यावर तिच्या घरी आम्ही पुन्हा गेलो.